पॅरिस, मार्गे रिसोड

गेअरवाल्या भाऊंच्या सायकलीच्या तीन किमती आहेत. पहिली वहिनींना सांगितलेली, बावीस हजार. दुसरी दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांना सांगितलेली, पंचेचाळीस. तिसरी खरी. ती भाऊंना, बँकेला आणि मला ठाऊक आहे, आणि मी शब्द दिलेला असल्यामुळे इथे छापता येत नाही. ‘एवढ्या पैशात तं मोटरसायकल येते, राजेहो,’ असं दुसरी किंमत ऐकून शिरपुरातला प्रत्येक जण म्हणतो. तिसरी ऐकली असती तर दीड मोटरसायकल म्हणाला असता.

भाऊंचं बसस्टँडजवळ कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. गाव शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. पत्ता असा पूर्ण द्यावा लागतो, कारण नुसतं शिरपूर लिहिलं की वस्तू धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जाते. भाऊंच्या पहिल्या सायकलिंगच्या चष्म्याने हा फेरा करून पाहिला. चष्मा गावात येईपर्यंत भाऊ नुसते डोळे बारीक करून सायकल चालवत होते.

काही वर्षांपूर्वी रक्तातली साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रोज पाऊण तास चालायला सांगितलं. भाऊ आठवडाभर चालले. पण चालण्यातली एक मोठी उणीव त्यांच्या चटकन लक्षात आली: त्यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही. पायात होत्या त्या चपलांवर माणूस चालू शकतो, हे त्यांच्या मनाला उतरेना. त्याच सुमारास अकोल्याच्या एका लग्नात पंगतीला शेजारी एक दंतवैद्य आले. त्यांनी जिलेबी नाकारली आणि कारण विचारल्यावर ‘रविवारी दोनशेची राइड आहे’ असं सांगितलं. भाऊ त्या रात्री घरी परतले ते वेगळेच माणूस होऊन. वहिनी आजही त्या लग्नातल्या यजमानांना माफ करायला तयार नाहीत.

ही लागण एकट्या भाऊंना झालेली नाही. रिसोड, मेहकर, कारंजा, पुसद, कुठल्याही तालुक्याच्या गावी आता असे दोघे-तिघे निघतात. चाळिशी ओलांडलेले, पोरांची शिक्षणं मार्गी लागलेले, पहाटे साडेचारला चोरपावलांनी घराबाहेर पडणारे आणि नऊच्या आत पुन्हा सभ्य कपड्यांत गल्ल्यावर बसलेले. एकमेकांना ते पाच-पन्नास किलोमीटर अंतरावरूनही ओळखतात. लग्नात भेटले तर नवरा-नवरीकडे पाठ करून टायरच्या रुंदीवर बोलतात.

‘सभ्य कपडे’ म्हटलं, तर कपड्यांचं आधीच सांगून टाकतो. गावानेही सायकलीच्या आधी कपडेच पाहिले. सायकलिंगची चड्डी लायक्राची, अंगाला चिकटलेली, आणि आत बैठकीच्या जागी शिवलेली जाडजूड गादी. वहिनींनी ती पहिल्यांदा दोरीवर वाळत घातली तेव्हा उलटसुलट करून नीट पाहिली आणि विचारलं, ‘हे काय, म्हातारपनाची तयारी होये का?’ या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हा शास्त्रोक्त नियम भाऊंनी मला हळूच सांगितला होता. तो त्यांनी गावातल्या आणखी चार जणांना हळूच सांगितला असावा, कारण आठवड्यात सगळ्या गावाला माहीत झाला.

वरची जर्सी पिवळीधमक. टूर द फ्रान्समध्ये एकूण वेळेत सर्वांच्या पुढे असणाऱ्याला 1919 पासून पिवळी जर्सी घालायला मिळते. स्पर्धा भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जाई, म्हणून हा रंग, अशी त्याची कथा सांगतात. न जिंकता पिवळी घालणं हा सायकलवाल्यांत आगाऊपणा समजला जातो, हेही भाऊंना माहीत होतं. पण त्यांचा युक्तिवाद असा, की शिरपुरात शर्यतीची सायकल एकच, त्यामुळे एकूण वेळेत पुढेही तेच. वादाला जागा नव्हती. फक्त भाऊंचा मुहूर्त चुकला. ऑगस्टचा महिना, सोयाबीन शेंगावर आलेलं, आणि पट्ट्यापट्ट्याने पानं पिवळी पडत चाललेली. त्या सकाळी भाऊ राइडवरून थेट दुकानात आले. काउंटरवर शेतकरी उभे होते. त्यातल्या एकाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गंभीरपणे म्हणाला, ‘भाऊ, तुमच्यावरई येलो मोझॅक आला का?’ मागून दुसरा म्हणाला, ‘पांढऱ्या माशीनं पसरते म्हनते तो. आधी माशीचा बंदोबस्त करा.’ हा सल्ला भाऊच रोज पंचवीस जणांना देत होते. ती जर्सी आता थंडीत आतून घालतात.

सायकलीचं वजन हा भाऊंच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक विषय. आणल्या आणल्या त्यांनी तिचं स्टँड काढलं. कॅरिअर आणि मडगार्ड तिला मुळातच नव्हते, घंटी होती ती गेली, चाकातले रिफ्लेक्टर गेले. मग ती शेजारच्या अडत्याकडे नेऊन सोयाबीन मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढवली. आठ किलो सातशे. अडत्याने सवयीने ओलावा किती धरायचा ते विचारलं. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे 6.8 किलोपेक्षा हलकी सायकल शर्यतीत चालत नाही. भाऊंना हा नियम अन्यायाचा वाटतो. वास्तविक त्यांच्यात आणि त्या नियमात जवळजवळ दोन किलोंचं अंतर आहे, पण अन्याय कधी आपल्यावर येऊन पडेल सांगता येत नाही. पुढे पाण्याच्या बाटलीचा पिंजरा बदलून त्यांनी चाळीस ग्रॅम वाचवले. त्या पिंजऱ्याची किंमत ऐकून हमाल म्हणाला, ‘भाऊ, सकाळचे दोन आलुबोंडे नाई खाल्ले तं फुकटात वाचतात ना चाळीस ग्राम.’ भाऊंचं स्वतःचं वजन एक्क्याण्णव. ते मात्र काट्यावर चढले नाहीत.

स्टँड नसल्यामुळे सायकल उभी करायला भिंत लागते. हॉटेलचा चहा कसा आहे यापेक्षा भिंत कशी आहे यावर भाऊ आता हॉटेल ठरवतात. मालेगाव ते रिसोड पट्ट्यातल्या टपऱ्यांच्या भिंती त्यांना पाठ आहेत. गेरूची नको, हँडलच्या टेपला रंग लागतो.

भाऊंची आणि गिऱ्हाइकांची भाषा आता एकच राहिलेली नाही, आणि यातून दुकानात जे घडतं ते ऐकायला मी मुद्दाम दुपारी जातो. एकदा भाऊ म्हणाले, ‘मालेगाव रोडला गावाबाहेर तीन टक्के लागतो. पुढे एका ठिकाणी पाच.’ समोरचा शेतकरी दचकला. ‘महिन्याचे का सालाचे?’ भाऊ चढाबद्दल बोलत होते. शंभर मीटर पुढे गेलं की तीन मीटर वर, म्हणजे तीन टक्के. शेतकऱ्याने ऐकून घेतलं आणि सुटकेचा श्वास टाकला. चढ निदान पलीकडे उतरतो तरी.

दुसरा प्रसंग वॅटचा. पायडलवर आपण किती शक्ती लावतो हे मोजणारं यंत्र भाऊंनी अकोल्याच्या दंतवैद्यांकडून दोन आठवड्यांसाठी मागून आणलं होतं. तासभर टिकवून एकशे ऐंशी वॅट. भाऊ हा आकडा असा सांगत, जसा पोराचा बारावीचा निकाल सांगावा. एका तरुण शेतकऱ्याने, जो आयटीआय केलेला होता, तिथल्या तिथे पावतीच्या मागे हिशेब केला. एक एचपी म्हणजे 746 वॅट. ‘म्हन्जे तुमी पाव एचपी भरले, भाऊ.’ मग जरा थांबून, ‘माह्या विहिरीवर पाचची मोटर हाये. लाइन गेल्यावर तुमच्यासारखे एकवीस लागतीन.’ यावर भाऊंनी त्याला बियाण्याच्या पिशवीवर सूट दिली नाही.

पण हे सगळं वरवरचं. भाऊंचा खरा जीव रस्त्यात. रात्री जेवण झालं की ते ओट्यावर मोबाइल घेऊन बसतात आणि बोटाने रूट आखतात. शिरपूर-मालेगाव-वाशीम-रिसोड-शिरपूर ही त्यांची घरगुती फेरी. लोणारचा रूट त्यांना फार आवडतो, कारण तिथे उल्कापाताने जमिनीला पडलेला खड्डाच पावणेदोन किलोमीटर रुंदीचा आहे. बाकी खड्डे चुकवत गेलेल्या माणसाला शेवटी एखादा तरी बघण्यासारखा मिळायला हवा, असं ते म्हणतात. पोहरादेवी आणि कारंजा एका दमात जोडणारा एक लांबलचक रूट आहे. त्याचं नाव ‘सर्वपंथीय दोनशे’. तो अजून कुणी, भाऊंनीसुद्धा, पूर्ण केलेला नाही. मेडशीकडून पातूरचा घाट म्हणजे भाऊंच्या लेखी पश्चिम विदर्भाचं आल्प द्युएझ. फ्रान्समधल्या त्या चढाला एकवीस वळणं आहेत, प्रत्येक वळणाला क्रमांक दिलेला आहे, हे मला त्यांनी पातूरच्या घाटात ट्रक पास होण्याची वाट बघत असताना सांगितलं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पातूरला तशी पदवी नाही, ही भाऊंच्या मते प्रादेशिक असमतोलाची आणखी एक बाब.

माझं स्पष्ट मत असं, की भाऊंनी आखलेल्या रस्त्यांची लांबी आणि चाललेल्या रस्त्यांची लांबी यांचा मेळ घालायला बसू नये. आखण्यात जे सुख आहे ते त्यांना पुरतं. चालवणं हा त्या सुखावरचा कर.

तरी एका रस्त्याने त्यांना दुःखच दिलं. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. पुढे तो मुंबईकडे 701 किलोमीटर पुरा झाला. गुळगुळीत. गतिरोधक नाही, बाजाराचा दिवस नाही, आडवी येणारी म्हैस नाही, कुत्रं नाही. आणि सायकलीला बंदी. दुचाकीलाही बंदी, पण भाऊंना तो दिलासा वाटत नाही. कधी एखाद्या वरून जाणाऱ्या पुलावर ते सायकल कठड्याला टेकवतात आणि खाली बघत राहतात. एकदा मी सोबत होतो. ‘किती टक्के असेल?’ मी विचारलं. ‘एकही नाही,’ ते म्हणाले. आवाज जरा भरून आला होता. बंदी उठली तर पहिल्या दिवशी कुठून शिरायचं, नाश्ता कुठे, पाणी कुठे, हे सगळं त्यांनी आखून ठेवलेलं आहे.

त्यांच्या पायातले बूट पायडलला अडकतात. टाच बाहेर मुरडली की सुटतात. ही मुरड मेंदूतून पायात उतरायला पहिले काही दिवस लागतात, असं पुस्तकात लिहिलं आहे. त्या पहिल्या काही दिवसांत भाऊ रिसोडच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बायकांसमोर थांबले. थांबले ते बरोबर. पाय मात्र सुटला नाही. चाकं उभी, भाऊ उभे, आणि मग सगळं मिळून सावकाश, अगदी कुणाला घाई नसल्यासारखं, डावीकडे आडवं झालं. पडताना त्यांनी हँडल सोडलं नाही. एक आजी म्हणाल्या, ‘उतरायची पद्धत होये का ही?’ भाऊंनी आडव्यानेच होकार दिला.

पंक्चरवाल्याचं प्रकरण जरा तपशिलाने सांगायला हवं, कारण त्यात एका कारागिराच्या इज्जतीचा प्रश्न होता. स्टँडवरचा पंक्चरवाला ट्रॅक्टरपासून बाळाच्या तीनचाकीपर्यंत काहीही फुगवतो. भाऊंनी सायकल आणली आणि त्याने कॉम्प्रेसरची नळी उचलली. नळी बसेना. या सायकलीचा व्हॉल काडीसारखा बारीक, त्याच्या टोकाला इवलासा नट, आणि तो ढिला केल्याशिवाय आत हवा जात नाही. पंक्चरवाल्याने दोनदा व्हॉल दाबला. होती ती हवा गेली. मग भाऊंनी खिशातून पितळेचं एक टोपण काढलं, ते व्हॉलवर चढवलं आणि म्हणाले, ‘शंभर पीएसआय.’ पंक्चरवाल्याने नळी खाली ठेवली. ‘भाऊ, एवढी तं मी ट्रकमधी टाकतो.’ टायर दोन बोटं रुंदीचं. आजूबाजूची पोट्टी मागे सरकली. एकजण भिंतीआड गेला. काटा ऐंशीवर गेला, नव्वदवर गेला, शंभरला टेकला. काही फुटलं नाही. पंक्चरवाला बराच वेळ ते टायर अंगठ्याने दाबून पाहत होता. मग त्याने पैसे घेतले नाहीत. ‘माह्यासाठी ठेवा एक ते टोपन,’ एवढंच म्हणाला. आता त्याच्या दुकानात खिळ्याला दोऱ्याने ते टोपण टांगलेलं आहे. भाऊंशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही, पण दाखवायला उपयोगी पडतं.

याच टायरवरून आबाजींशी पहिला वाद झाला. आबाजी म्हणजे आमच्या ओट्यावरचे सर्वांत ज्येष्ठ सभासद. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, की कशातून निवृत्त झाले हे विचारायचं सगळे विसरलेत. भाऊ सांगत होते, की एवढ्या हवेचं टायर रस्त्याला अंगठ्याच्या नखाएवढंच टेकतं, म्हणून घर्षण कमी. सगळं वजन दोन नखांवर. आबाजींनी तंबाखू मळत मंदिराच्या दिशेने मान हलवली. ‘आमचा देव तेवढाई टेकत नाई.’ अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीपासून अधर आहे अशी इथली श्रद्धा, आणि खालून कापड सरकवून दाखवल्याच्या आठवणी जुनी माणसं सांगतात. ज्या गावात लोक लांबलांबून हे बघायला येतात त्या गावात दोन नखांची काय मिजास चालणार? भाऊंनी विषय बदलला.

बदलून ते त्यांच्या दैवतांकडे वळले. नाशिकचे महाजन बंधू, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, दोघांच्या संघाने 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळपास 4,800 किलोमीटर. 2017 मध्ये तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी पुरी केली. ते सैन्यातले डॉक्टर. त्याच वर्षी आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही. समर्थ तर पुढच्या वर्षी रशियात सैबेरिया आडवा पार करून आले, नऊ हजार किलोमीटरच्या वर. हे सांगताना भाऊ उठून उभे राहिले होते. आबाजींनी शांतपणे ऐकलं.

‘सगळे डॉक्टरच कसे गा?’

भाऊ थांबले. ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती. अकोल्याचे ते दंतवैद्य आठवून त्यांना आणखी कसंतरी झालं.

‘म्हन्जे बिमारी आहे काहीतरी,’ आबाजी म्हणाले, ‘अन् त्यायले माहीत आहे.’

मोबाइलमधल्या स्ट्रावाबद्दल थोडक्यात. त्यात रस्त्याचा एखादा तुकडा ठरवून देता येतो. तिथे सर्वांत कमी वेळ लावणाऱ्याचं नाव वर झळकतं. भाऊंनी मालेगाव रोडवरच्या चढाला ‘शिरपूर वॉल’ असं नाव देऊन तो तुकडा नोंदवला. यादीत एकच नाव होतं, तरी ते रोज उघडून आपण पहिले आहोत का बघत. एका सकाळी ते दुसरे होते. पहिला कुणीतरी अनोळखी, सरासरी वेग ताशी 58. चढावर! भाऊंनी दोन दिवस जेवण कमी केलं. चौकशीअंती निघालं, की त्यांचाच भाचा राइड संपल्यावर ॲप बंद करायला विसरला होता आणि तसाच एसटीत बसला. तक्रार नोंदवून तो निकाल रद्द करायला लावला. भाचा अजून म्हणतो, एसटीने तो चढ खरंच त्या वेगात घेतला, याची कुणाला किंमत नाही.

मग नागपूरची बीआरएम आली. याची माहिती शिरपुरातल्या शेंबड्या पोरालाही आता आहे, कारण भाऊ ती न विचारताही देतात. ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळात, आपलं आपण जायचं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का. पंक्चर स्वतः काढायचं, मागे गाडी आणायची नाही. एका हंगामात चारही पुरे केले तर ‘सुपर रँडोनर’. आणि मुख्य म्हणजे, ही स्पर्धा नाही. नंबर नाहीत. वेळेत आलेल्या सगळ्यांची नावं एका यादीत येतात, आणि पहिला कोण हे त्या यादीत कुणी विचारत नाही.

मी गाडी चालवत नागपूरपर्यंत गेलो. वाटेत मधे कुठे भेटायचं नाही अशी सक्त ताकीद होती. फक्त शिक्क्याच्या ठिकाणी. भाऊ पहाटे सहाला निघाले तेव्हा त्यांच्या पाठीवरच्या तीन खिशांत दोन जेल, चिक्की, मिठाच्या गोळ्या, वहिनींनी बांधून दिलेल्या तिळाच्या पोळ्या, सुट्टे पैसे, दोन ट्यूब आणि पितळेचं टोपण होतं. चाळीस ग्रॅमचा विषय मी काढला नाही. सूर्य वर आल्यावर वारा सुटला, तो समोरून. परतीला रस्ता उलटला तेव्हा वाराही उलटला. एकशे चाळिसाव्या किलोमीटरला टायरमध्ये तार घुसली, आणि ज्या माणसाने आयुष्यात पंक्चरवाल्यासमोर नुसतं उभं राहून गप्पा मारल्या होत्या, त्याने रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसून ट्यूब बदलली. शिक्क्याच्या शेवटच्या ठिकाणी आले तेव्हा बोलत नव्हते. तिळाची पोळी खाल्ली, जेल तिथल्या पोऱ्याला देऊन टाकलं आणि निघाले. संध्याकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी पोहोचले. तेरा तास नऊ मिनिटं. त्या वेळी मी त्यांची चेष्टा केली नाही, आणि आजही त्या भागाची करत नाही.

परतल्यावर मात्र गावाने सूड उगवला.

‘कितवा नंबर?’ दूधवाल्याने विचारलं. भाऊंनी समजावलं. ‘हो, ते कळलं. पन कितवा?’ बँकेत मॅनेजर साहेबांनी विचारलं, देवळाकडून परतणाऱ्या काकूंनी विचारलं, ज्या शेतकऱ्याची पाचची मोटर होती त्याने विचारलं. शंकरपटात जोडी किती सेकंदांत धावली हे दशांशात ऐकायची सवय असलेल्या माणसांना, दोनशे किलोमीटर जाऊन नंबर नाही, हे कसं पटावं? ‘आमच्याइकडे बैलाचाई नंबर लावतात,’ एकजण कळवळून म्हणाला. त्याला भाऊंवर अन्याय झाल्यासारखं वाटत होतं. काहींनी ताशी पंधराचा हिशेब काढला आणि गप्प बसले. ते गप्प बसणं जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला. वर तालुक्याच्या नेत्यांचे सहा फोटो, खाली हेल्मेट घातलेले भाऊ, आणि मोठ्या अक्षरांत: ‘जागतिक सायकल स्पर्धेत घवघवीत यश संपादन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. भाऊंनी फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना चहा पाजला आणि ‘स्पर्धा’ शब्द तेवढा काढा अशी विनंती केली. पोरांनी त्यावर पांढरा कागद चिकटवला. तेव्हापासून ‘जागतिक सायकल’ आणि ‘यश’ यांच्यामधल्या त्या पांढऱ्या चौकोनाखाली काय दडवलंय यावर गावात चार मतं आहेत. पैकी एकही भाऊंच्या चारित्र्याला फारसं बरं नाही.

पदकाचं त्यांनी आणखी बिघडवून ठेवलं. ते फ्रान्सहून येतं, आणि ज्याला हवं त्याने पैसे भरून मागवायचं असतं. हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. प्रामाणिकपणाची गरज नव्हती. ‘इकत घेतलं?’ असा प्रश्न आला, आणि त्यापुढचं काही कुणी ऐकलं नाही. वहिनींनी मात्र पदक पाहून पहिल्यांदाच सायकलीबद्दल चांगला शब्द काढला. देवघराशेजारच्या काचेच्या कपाटात ते ठेवलं. त्याच कपाटात सायकलीचं मूळ बिलही आहे, एका डब्यात, सर्वांत खाली. ते अजून सापडलेलं नाही.

आता भाऊंच्या डोक्यात पॅरिस आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. 1891 साली सुरू झालेली, म्हणजे टूर द फ्रान्सपेक्षा बारा वर्षांनी थोरली. पॅरिसच्या बाजूने निघून अटलांटिकच्या काठावरचं ब्रेस्ट गाठायचं आणि परत यायचं. 1,200 किलोमीटर, जास्तीत जास्त नव्वद तास. चार वर्षांतून एकदा भरते. पुढची 2027 च्या ऑगस्टमध्ये. त्या शर्यतीच्या नावाची मिठाईसुद्धा तिकडे आहे, चाकासारखी गोल, मधे भोक, 1910 पासून. हे ऐकून वहिनींनी विचारलं, की मग मिठाई खायला तिकडे जायचं आणि इथे जिलेबी नको म्हणायची, हे कुठल्या डॉक्टराने सांगितलं.

परवा संध्याकाळी ओट्यावर भाऊंनी हा सगळा बेत मांडला. आधी 300, मग 400, मग 600. रात्रीचा सराव रिसोड रोडला सुरू झालेलाच आहे. मागच्या आठवड्यात रोह्यांपासून शेत राखत बसलेल्या एकाने त्यांच्या मागच्या लाल दिव्यावर बॅटरी मारली आणि ‘कोन होये रे तिकडे’ म्हणून ओरडला. भाऊंनी आपलं नाव सांगितलं. ‘मंग रोही बरे,’ असं उत्तर आलं. तरी भाऊ ठाम आहेत. व्हिसा, विमानात सायकल कशी बांधायची, ऑगस्टमध्ये ब्रेस्टला पाऊस किती पडतो, सगळं तयार आहे. दुकान त्या दिवसांत कोण बघणार, एवढंच राहिलंय. ऑगस्ट म्हणजे फवारणीचा ऐन हंगाम.

‘नव्वद तास,’ भाऊ म्हणाले. ‘चार दिवसांच्या आत, आबाजी. झोप धरून. एवढ्या मोठ्या अंतराला एवढाच वेळ देतात ते लोक.’

आबाजींनी तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली.

‘आपल्या देवळाची केस लंडनले गेली होती, माहीत आहे का तुले? प्रिव्ही कौन्सिल. 1905 ले जैनाइच्या दोन्ही पंथाइनं पूजेचे टाइम वाटून घेतले, त्याच्यावरून भांडन. 1929 ले लंडनहून निकाल आला. भांडन मिटलं का? 1981 ले कुलूप लागलं. सुप्रीम कोर्टानं सांगितलं तवा 2023 ले उघडलं.’

‘हो, पण आबाजी...’

‘अन् तुले ते नव्वद तास देऊन राह्यले, अन् तू कमी म्हनून राह्यला?’